चिंगू चिचुंद्रीची सुधारित आवृत्ती

एका जंगलात, बाळांनो, सगळं ठीक चाललं होतं. म्हणून तिथे सुधारणा करायचं ठरलं. ती कशी झाली ते सांगतो. नीट मांडी घालून बसा.

या जंगलाच्या मधोमध काळ्या कातळात एक कोठार होतं. कोठारात गाठोडी होती. उंबरांची, मधाची, वाळल्या गवताची, डिंकाची, चिखलाची. ज्याला जे लागेल ते त्यानं तिथून न्यायचं आणि हंगामात आपल्याकडचं आणून टाकायचं. कोठारावर कासवनाना बसत. ते किती वर्षं बसले होते ते त्यांनाही सांगता येत नसे. कुठलं गाठोडं कुठे आहे, ते मात्र डोळे मिटून सांगत.

नानांची एकच अट होती. त्यांच्याशी एका ओळीत बोलायचं. आधी काम, मग वस्तू, मग किती. 'दे, उंबर, वीस.' बस. कुणी नमस्कार घातला, तब्येत विचारली, 'जरा मिळेल का हो' म्हटलं, की नाना 'कळलं नाही' म्हणत आणि मान आत घेत. ती बाहेर यायला पुन्हा घटकाभर लागे. तुमचा कुणी दादा लिनक्सवाला असेल तर त्याला विचारा. तोही संगणकाच्या काळ्या पडद्यावर अशीच एक ओळ लिहितो आणि पलीकडून गाठोडी येतात. तो तुम्हाला हे दोन तास समजावून सांगेल. मी दोन मिनिटांत उरकलं.

आता जंगलातल्या सगळ्यांना असं मोजकं बोलता येत नाही. सशाला घाबरल्याशिवाय बोलता येत नाही, रानडुकराला शिवी घातल्याशिवाय. म्हणून कोठाराच्या फटीपाशी एक मदतनीस असे. तिचं नाव चिंगू. ती चिचुंद्री होती.

चिंगू दिसायला काही खास नव्हती. डोळे बारीक, नाक लांब, आणि अंगाला एक वास. लोक तिच्याशी बोलताना तोंड जरा बाजूला करत. पण काम सांगितलं की ती फटीतून आत जाई, नानांना एक ओळ सांगे आणि गाठोडं घेऊन बाहेर येई. 'काय? किती? आणते.' एवढे तीन शब्द ती खर्च करी. उरलेले कशासाठी राखून ठेवले होते कोण जाणे.

तिची खरी करामत वेगळीच होती. कोणत्या वस्तूबरोबर काय लागतं ते तिला पाठ होतं. कुणी मध मागितला की ती द्रोण आणी, कारण मध पंजात धरून नेता येत नाही. कुणी द्रोण मागितला की काड्या आणी. न मागता आणी आणि त्याबद्दल बोलत नसे. त्यामुळे सगळ्यांना वाटे की मध द्रोणासकटच जन्माला येतो.

चिंगूकडे रोज सकाळी येणारं एक गिऱ्हाईक होतं. धनेशराव. मोठ्या चोचीचा, मोठ्या पंखांचा आणि अतिशय भिडस्त पक्षी. त्यांची बायको केवडाबाई त्या दिवसांत बेहड्याच्या ढोलीत होती. धनेशांची एक रीत आहे, ती आधी समजून घ्या. अंडी घालायची वेळ आली की बाई ढोलीत जाते आणि ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून घेतात. फक्त चोच बाहेर येईल एवढी चीर ठेवतात. मग तिचे पंख गळतात. पिलं मोठी होईपर्यंत, तीन महिने, ती आतच असते. तिला उडता येत नाही, पळता येत नाही. तिच्या आणि उदमांजराच्या मधे असते ती तेवढी चिखलाची भिंत.

"अहो बाई," धनेशराव रोज म्हणत, "ते आपलं... तिच्यासाठी... म्हणजे नेहमीचं."

"आणते," चिंगू म्हणे. वीस वडाची फळं, दहा उंबरं, एक गाठोडं चिखल. उन्हानं भिंतीला तडे जात. धनेशराव फळं बायकोला भरवून झाली की चिखलानं तडे बुजवत. चिखल आपण कधी मागितलाय का, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. तो येत होता.

असं चाललं असताना हुप्पेराव पल्याडच्या जंगलात एका लग्नाला जाऊन आले.

हुप्पेराव म्हणजे वानर. त्यांनी जन्मात कोठाराची पायरी चढली नव्हती. त्यांना लागेल ते झाडावरून हातानं तोडून खाता येई. पण पल्याडच्या जंगलात त्यांनी एक मदतनीस पाहिला आणि त्यांची झोप उडाली. ते थेट महाराजांकडे गेले. महाराज म्हणजे सिंह. ते नुकतेच जेवून पडले होते. अशा वेळी ते कशालाही हो म्हणत आणि हे जंगलातल्या सर्व पुढाऱ्यांना ठाऊक होतं.

"महाराज, आपला मदतनीस फार मागासलेला आहे," हुप्पेराव म्हणाले. "तिथला मदतनीस विचारतो, सुचवतो, रंग दाखवतो. आपली चिंगू नुसतं काम करते."

"अरेरे," महाराज म्हणाले आणि कुशीवर वळले. ही मंजुरी समजण्यात आली.

मदतनीस सुधारणा समिती बसली. अध्यक्ष हुप्पेराव. सदस्य मोर, कारण समितीत कुणीतरी देखणं लागतं. चिंगूला समितीत घेतलं नव्हतं. जिच्यात सुधारणा करायची तिलाच विचारायचं म्हणजे जरा अवघडल्यासारखं होतं, असं हुप्पेराव म्हणाले.

पहिल्या बैठकीत रंग ठरला. वस्तू असेल तर हिरवं पीस, नसेल तर तांबडं, शोधत असेल तर पिवळं. तिन्ही पिसं चिंगूच्या शेपटीला बांधली. आता ती फटीत मावेना. मग फट फोडून मोठी करायचा ठराव झाला आणि नानांच्या डोक्यावर दोन दिवस दगड पडले. नानांनी मान आत घेतली ती तिसऱ्या दिवशी बाहेर काढली.

दुसऱ्या बैठकीत ठरलं की काम किती झालं ते गिऱ्हाइकाला सतत कळलं पाहिजे. त्यामुळे चिंगूनं आत जाताना ओरडायचं, 'चार आणे झालं', 'आठ आणे झालं'. पूर्वी ती जेवढ्या वेळात गाठोडं आणी, तेवढ्या वेळात आता बारा आण्यांपर्यंत पोचे. पण बाहेर उभ्या असलेल्यांना फार बरं वाटू लागलं. काम होण्यापेक्षा काम होतंय हे ऐकण्यात एक वेगळी गोडी असते. तुम्ही मोठे झालात की कचेरीत गेल्यावर कळेल.

तिसऱ्या बैठकीत प्रश्न ठरले. कुणी काहीही मागितलं तरी चिंगूनं तीनदा विचारायचं. 'खरंच हवं आहे का?' 'नीट विचार केला आहे का?' 'दुसरं काही चालेल का?' पहिल्या दोन्हींना हो आणि तिसऱ्याला नाही मिळालं तरच आत जायचं.

"भुकेल्याला तीनदा विचारू?" चिंगूनं विचारलं.

"त्याला आपुलकी वाटते," हुप्पेराव म्हणाले.

चिंगू, बाळांनो, मनातून चिडली होती. तिला धनेशरावांची काळजी वाटत होती. त्यांना कुणी एकदा 'खरंच?' विचारलं तरी ते ओशाळत. आता केवडाबाईंची फळं सूर्य डोक्यावर आला तरी पोचत नव्हती. ढोलीच्या चिरेतून चोच बाहेर येई, वाट बघे आणि आत जाई. आत दोन पिलं होती आणि ती ओरडायला शिकली होती. चिंगू रात्री पिसं सोडून ठेवून गुपचूप थोडी फळं नेऊन देई. हे सुधारणेत बसत नव्हतं.

चौथी बैठक सर्वांत मोठी होती. तीत साफसफाई ठरली.

"कोठारात अडगळ फार," हुप्पेराव म्हणाले. "गेल्या दोन पौर्णिमांत जे कुणीही नाव घेऊन मागितलेलं नाही, ते काढून टाकायचं. आतलंही आणि कोठारातून बाहेर जाऊन कुठेकुठे लावलेलं असेल तेही."

या वेळी मात्र चिंगूनं राखून ठेवलेले शब्द बाहेर काढले.

"साहेब, चिखल कुणी नाव घेऊन मागत नाही. मी बरोबर देते. त्याच्यावर केवडाबाईंची ढोली उभी आहे."

"मागितल्याची नोंद आहे?"

"नाही. पण लागतो."

"लागतो तर मागितला असता," हुप्पेराव म्हणाले. मोरानं मान डोलावली. त्याची मान तशीही डोलत असते, पण ती सहमती म्हणून लिहून घेतली.

साफसफाईचा मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचा होता. कोठारासमोर आंब्याचे टहाळे लावले होते. हुप्पेराव स्वतः आले होते. त्यांनी फटीपाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं म्हटलं, "महाराजांच्या नावानं. काढ. न मागितलेलं. सगळं."

आता हे 'महाराजांच्या नावानं' काय आहे ते ऐका. नाना एरवी हजार शंका घेत. पण ओळीच्या आधी हे दोन शब्द आले की ते काही विचारत नसत. त्या शब्दांनी सांगितलं असतं तर त्यांनी स्वतःची पाठ उतरवून दिली असती. त्यांनी मान हलवली आणि त्यांच्या हाताखालच्या मुंगळ्यांच्या रांगा निघाल्या. काही आत गेल्या. एक लांबलचक रांग बेहड्याच्या झाडाकडे निघाली.

तेवढ्यात नेहमीप्रमाणे धनेशराव आले. चिंगू धावत त्यांच्यासमोर गेली.

"धनेशराव, आज एक करा. चिखल मागा. नाव घेऊन मागा. नोंद झाली की नानांना रांग थांबवावी लागेल. लगेच."

"चिखल?" धनेशराव म्हणाले. त्यांना काही उमजलं नव्हतं, पण ते भले होते. "बरं. चिखल द्या."

हुप्पेराव बाजूलाच उभे होते. त्यांनी घसा खाकरला. "चिंगू, नियम."

चिंगूनं दात आवळून विचारलं, "खरंच हवं आहे का?"

"हो. म्हणजे तुम्हीच म्हणालात ना, म्हणून."

"नीट विचार केला आहे का?"

धनेशरावांनी हुप्पेरावांकडे पाहिलं, मोराकडे पाहिलं. मागे रांगेत रानडुक्कर खोळंबलं होतं, त्याच्याकडे पाहिलं. "तसा... केलाय थोडा."

चिंगूला तिसरा प्रश्न विचारवत नव्हता. ती डोळ्यांनी त्यांना विनवत होती, पण तिचे डोळे इतके बारीक होते की धनेशरावांना ते दिसले नाहीत. "दुसरं काही चालेल का?" तिनं विचारलं.

"चालेल की," धनेशराव म्हणाले. "एवढं विचारताय म्हणजे तुमचीही काही अडचण असेल. राहू द्या चिखल. उगाच कुणाला त्रास नको."

असा हा भला पक्षी. बायको भिंतीआड पंख गळून बसली आहे, भिंतीकडे मुंगळे निघाले आहेत, आणि याला रानडुकराचा खोळंबा होऊ द्यायचा नव्हता. मला असल्या भलेपणाचा मनापासून राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

"समाधान झालं गिऱ्हाइकाचं," हुप्पेराव म्हणाले. "लिहून घ्या."

तिकडे बेहड्यावर मुंगळे कामाला लागले होते. ते कुणाच्या वाईटावर नव्हते. प्रत्येकानं एक एक कण उचलायचा होता. केवडाबाईला बाहेरून खरवडल्याचा आवाज आला. आधी चीर बोटभर आणखी रुंद झाली, मग दोन बोटं. तिनं पिलं पाठीमागे घेतली आणि चोच पुढे करून बसली. खालच्या फांदीवर उदमांजर येऊन बसलं होतं. ते शांतपणे पंजा चाटत होतं. सुधारणेची खबर त्याला सगळ्यांत आधी लागली असावी.

चिंगूनं शेपटीची तिन्ही पिसं दातांनी ओढून काढली. हिरवं, तांबडं, पिवळं, सगळी तिथेच टाकली. ती फटीतून आत गेली आणि नानांच्या तोंडासमोर उभी राहिली.

"थांबव. चिखल. सगळा," ती म्हणाली.

"कुणाच्या नावानं?" नानांनी विचारलं.

"केवडाच्या."

"केवडानं काही मागितल्याची नोंद नाही," नाना म्हणाले. खरंच नव्हती. मागायला रोज नवरा येत होता.

चिंगूला ठाऊक होतं की आता एकच वाट उरली आहे. महाराजांचं नाव महाराजांना न विचारता घेणाऱ्याला या जंगलात राहता येत नसे. हुप्पेरावांनीही ते विचारून घेतलं नव्हतं, पण ते अध्यक्ष होते. चिंगूनं एक श्वास घेतला.

"महाराजांच्या नावानं," ती म्हणाली. "थांबव. चिखल. सगळा."

नानांनी मान हलवली. बेहड्यावरचे मुंगळे होते तिथे थांबले. ज्यांच्या तोंडात कण होता त्यांनी तो जागच्या जागी ठेवला. भिंत उरली होती, पण मधे भोक पडलं होतं. त्यात उदमांजराचं डोकं अगदी थोडक्यासाठी गेलं नसतं. अजून शंभर कण निघाले असते तर गेलं असतं.

बाहेर मोरानं सगळं ऐकलं होतं. त्याला इतर काही येत नसलं तरी ऐकलेलं ओरडून सांगता येई. घटकाभरात चिंगू महाराजांसमोर उभी होती. महाराज पुन्हा जेवून पडले होते.

"हिनं आपलं नाव घेतलं," हुप्पेराव म्हणाले.

"घेतलंस?" महाराजांनी विचारलं.

"घेतलं," चिंगू म्हणाली. "नाहीतर केवडाबाई आणि पिलं गेली असती."

महाराज क्षणभर विचारात पडले. त्यांना कुणाचा वास येतोय ते कळत नव्हतं. "घालवा हिला," ते म्हणाले.

दोन रानकुत्रे तिला हद्दीकडे घेऊन निघाले. वाटेत धनेशराव भेटले. त्यांना आता कुठे सगळं कळलं होतं. ते ढोलीवरून आले होते.

"चिंगूबाई, भिंतीला हे एवढं भोक आहे. आणि ते खाली बसलंय. आता मी कुणाला..."

"रडू नका. नीट ऐका," चिंगू म्हणाली. "आता फट मोठी आहे, तुमचं डोकं जाईल आत. नानांसमोर उभं राहायचं. नमस्कार घालायचा नाही. 'दे, चिखल, चार.' पुढेमागे काही नाही. म्हणा."

"दे... ते आपलं..."

"म्हणा."

"दे, चिखल, चार."

"पुन्हा."

हद्द येईपर्यंत तिनं त्यांच्याकडून ते म्हणवून घेतलं. मग फळांचं म्हणवून घेतलं. हद्दीवर रानकुत्रे थांबले. चिंगू पलीकडे गेली आणि तिनं मागे वळून पाहिलं नाही. धनेशराव तीन शब्द पुटपुटत कोठाराकडे उडाले. ते त्यांनी नानांसमोर न अडखळता म्हटले आणि नानांनी चार गाठोडी दिली. सूर्य मावळायच्या आत भोक बुजलं. उदमांजर उठून गेलं.

चिंगूच्या जागी मोराच्या भाच्याची नेमणूक झाली. त्याला पिसं बांधावी लागली नाहीत. तो आणे फार सुरात सांगे. महिन्याभरात जंगलातले सगळे धनेशरावांकडून तीन शब्द शिकले आणि फटीत डोकं घालून स्वतःच गाठोडी नेऊ लागले. मोराच्या भाच्याकडे कुणी फिरकेना. ज्याला तक्रार करायची असेल त्यालाही 'खरंच तक्रार आहे का' असं तीनदा विचारलं जाई, त्यामुळे तक्रार एकही आली नाही. समितीनं हे यशाचं लक्षण मानलं.

वैशाख संपता संपता केवडाबाईनं भिंत फोडली आणि ती नव्या पंखांनिशी बाहेर आली. मागोमाग दोन पिलं आली. हुप्पेरावांनी लगेच सोहळा ठरवला. सुधारित सेवेचे पहिले लाभार्थी म्हणून धनेश कुटुंबाचा सत्कार आधी, मग इतरांचा. महाराजही आले, कारण सोहळ्यात जेवण होतं.

हुप्पेराव बराच वेळ बोलले. समितीच्या दूरदृष्टीमुळे ऐन वेळी साफसफाई कशी थांबली आणि तीन जीव कसे वाचले, ते त्यांनी सांगितलं. मग त्यांनी धनेशरावांना हार दिला आणि केवडाबाईला दोन शब्द बोलायला सांगितलं.

"माझं काही नाही," केवडाबाई म्हणाली. "तीन महिने मी अंधारात होते, मला काही दिसलं नाही. पण भिंत खरवडल्याचं मी ऐकलंय. रोज रात्री फळं घेऊन येणारीचा वासही मला ओळखता येतो. ती इथे नाही. चिंगू कुठे आहे?"

"कोण चिंगू?" हुप्पेरावांनी विचारलं आणि मोरानं नोंदी चाळल्या. नोंदीत त्या नावाचं कुणी नव्हतं. चिंगूचं नाव कुणी मागितलेलंच नव्हतं. रांगेतले बहुतेक तिला 'अगं ए' म्हणत.

केवडाबाई नवऱ्याकडे वळली. "तुम्ही सांगा."

सगळं जंगल धनेशरावांकडे पाहू लागलं. नानांसमोर तीन शब्द अचूक बोलायला ते शिकले होते. इथे दोन पुरले असते, 'चिंगूनं वाचवलं'. पण त्यांच्या चोचीत हार होता. तो नसता तरी ते बोलले नसते. मागे रांगेत इतर सत्कारमूर्ती खोळंबल्या होत्या.

केवडाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग दोन्ही पिलांना पुढे घातलं आणि ती हद्दीच्या दिशेनं उडाली. पिलांना अजून नीट उडता येत नव्हतं, म्हणून ती या झाडावरून त्या झाडावर थांबत थांबत गेली. सगळ्यांना ती बराच वेळ दिसत राहिली. एकदाही मागे वळली नाही.

"लाभार्थी समाधान पावून निघून गेले," हुप्पेरावांनी लिहून घ्यायला सांगितलं. मग जेवणं झाली. धनेशराव हार चोचीत धरून संध्याकाळपर्यंत तिथेच बसले होते. तो कुठे ठेवायचा ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तात्पर्य : बाळांनो, सुधारणा नेहमी काम करणाऱ्यातच करावी. काम न करणाऱ्यात करायला गेलात तर पंचाईत होते, कारण तो समितीवर असतो.